पिवळं पाणी

इंदूरच्या स्नेहलतागंजातल्या त्या गल्लीच्या विहिरीवर सकाळी सातलाच रांग लागायची. मध्यभारताचं राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली होती. उन्हाळा सरत आला होता आणि गल्लीत घरटी एकाचे तरी डोळे पिवळे झाले होते. विहिरीच्या ओट्यावर कावीळ उतरवणारे पीलियावाले बाबा बसायचे. त्यांचा चेला आधी आजाऱ्याच्या तळव्यांना तांब्यातलं 'तीर्थ' चोळायचा. मग बाबा परातीतल्या पाण्यात ते हात धुवायचे, आणि बघता बघता पाणी हळद कालवल्यासारखं पिवळं व्हायचं.

"देख लो माई, ये बैठा था तुम्हारे कलेजे में," बाबा सांगायचे. "हम कुछ नहीं करते. मैया खींचती है, हम तो सिर्फ परात पकड़ते हैं. बस, दवाखाने की सुई मत लगवाना. सुई से मैया रूठती है."

परात धरायलाही त्यांना दुसरा माणूस लागायचा, ही गोष्ट वेगळी. हात धुऊन झाले की विहिरीचंच पाणी ओंजळभर प्यायला मिळायचं, आणि माणूस हलका होऊन घरी जायचा.

राहेलबाई आढाव रांगेच्या कडेनं पुढे जात होत्या. त्या सरकारी आरोग्य खात्यातल्या नर्स. नगरकडून शिकायला म्हणून इंदूरला आल्या आणि इथल्याच झाल्या, त्याला वीस वर्षं होऊन गेली होती. रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसून गीतं म्हणायच्या आणि बाकीचे सहा दिवस चामडी बॅग घेऊन गल्लीगल्लीतून हिंडायच्या. या गल्लीतली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मली होती. विहिरीपासून तीन हातांवर फुटलेलं गटार त्यांनी मार्च महिन्यातच सगळ्यांना दाखवलं होतं. "पाणी उकळून प्या," असं दारोदार सांगितलं होतं. त्यांनी विहिरीत जंतू मारायची लाल दवा टाकली, तेव्हा मात्र कुणीतरी उठवलं की ख्रिस्तीणबाई पाणी बाटवते. त्यानंतर त्यांना विहिरीवर कुणी चढू दिलं नाही.

रांगेत त्यांना चर्चमधल्या दोन बायका दिसल्या. दोघींनी पदर पुढे ओढले.

राहेलबाई निघाल्या होत्या कुमुदिनीकडे. तिचा नवरा बाळकृष्ण मिलमध्ये कारकून होता. पहिलटकरीण, सातवा महिना, आणि तीन दिवसांपासून डोळे पिवळे. पोटुशीला कावीळ झाली तर काय होतं, ते राहेलबाईंनी दोनदा पाहिलं होतं.

"हिला आजच दवाखान्यात न्यायला हवं," त्या सासूबाईंना, द्वारकाबाईंना म्हणाल्या.

"रोज उतरवून आणतोय की बाई. काल पाणी कालच्यापेक्षाही, म्हणजे परवापेक्षाही पिवळं निघालं. बाबांनी सुई नको म्हटलंय."

"तुम्ही येशूची प्रार्थना करता ना, बाई?" कुमुदिनी पडल्या पडल्या म्हणाली. "मग आम्ही मैयेला मानलं तर काय झालं?"

"मान ना, बाळा. मीही प्रार्थना करते. पण पाणी उकळून पिते, आणि ताप आला की डॉक्टरकडे जाते."

नाडी बघायला त्यांनी तिचा हात हातात घेतला. तळवा कोरडा पडला होता, रेषांमध्ये तपकिरी रंग बसला होता, आणि त्याला तुरट वास येत होता. वास ओळखीचा होता. लहानपणी पोट बिघडलं की आई आंब्याच्या झाडाच्या सालीचा काढा पाजायची. नखांच्या कडेला पांढरी पूड वाळली होती. राहेलबाईंनी ती बोटावर घेऊन जिभेला लावली. चुना.

दुपारी त्यांनी चर्चच्या आवारातल्या आंब्याची साल काढली, कुटली आणि भिजवली. पानवाल्याकडून चुना आणून पाण्यात कालवला आणि वर निवळलेलं पाणी काढून घेतलं. साल भिजवलेलं पाणी हाताला चोळून त्यांनी हात त्या निवळीत बुडवले. पाणी पिवळंजर्द झालं.

दुसऱ्या दिवशी त्या आजाऱ्यांच्या रांगेत उभ्या राहिल्या; बाबांकडे येणाऱ्याला कुणी अडवत नसे. द्वारकाबाई आणि बाळकृष्ण कुमुदिनीला धरून मागेच होते. आपली पाळी आली तशी राहेलबाईंनी चेल्याचा तांब्या बाजूला सारला आणि कोरडे हात सरळ परातीतल्या ताज्या पाण्यात घातले. पाणी होतं तसंच राहिलं.

"आता तीर्थ चोळ," त्या चेल्याला म्हणाल्या.

चेल्यानं बाबांकडे पाहिलं. लोक बघत होते, त्यामुळे त्याला चोळावंच लागलं. या वेळी पाणी पिवळं झालं.

"मला कावीळ आहे का? माझे डोळे बघा," राहेलबाई लोकांकडे वळल्या. "तांब्यात आंब्याच्या सालीचा रस आहे आणि परातीत चुन्याची निवळी. दोन्ही एकत्र आले की पिवळा रंग होतो. माणसाच्या अंगातून काही निघत नाही."

बाबा जराही गडबडले नाहीत. "बाई को भी थी," ते शांतपणे म्हणाले. "अभी आँख में उतरी नहीं थी. मैया ने बिन मांगे निकाल दी."

रांगेतल्या म्हातारीनं हात जोडले. मग आणखी कुणी कुणी जोडले.

राहेलबाईंनी बॅगेतून आपली बाटली काढली. "हे मी घरी केलंय. यात कुठलीच मैया नाही. बाळकृष्णराव, हात पुढे करा."

बाळकृष्णानं हात पुढे केला. त्यांनी चेल्याकडून परातीतलं पाणी बदलून घेतलं, रस चोळला आणि त्याचा हात परातीत बुडवला. पाणी पिवळं झालं. तो परातीकडे बघत राहिला.

"अरे, ये तो धरम भ्रष्ट करने आई है," मागून कुणीतरी ओरडलं. "अपने भगवान को झूठा बोलती है!" एका धक्क्यासरशी बाटली फुटली. दुसऱ्या धक्क्यानं राहेलबाई ओट्यावरून खाली आल्या. त्यांना सावरायला पुढे कुणी आलं नाही. मागे ओट्यावर तोवर कुमुदिनीचे हात परातीत गेले होते.

चौथ्या दिवशी कुमुदिनी गुंगीत गेली. बघायला आलेल्या राहेलबाईंना आई म्हणून हाक मारू लागली. तेव्हा कुठे दवाखान्यात न्यायला टांगा बोलावला. मूल मेलेलंच जन्मलं, आणि संध्याकाळ व्हायच्या आत तीही गेली. चार दिवस आधी आणली असती तर वाचली असती का, हे डॉक्टरही सांगू शकले नाहीत. कावीळ बरी करणारं औषध त्यांच्याकडेही नव्हतं. सलाइन होतं, विश्रांती होती, चोवीस तास लक्ष ठेवणारी माणसं होती. तेवढी संधी तिला मिळायला हवी होती.

तेराव्यानंतर राहेलबाई त्या घरी गेल्या. बाबा तोवर देवासला गेले होते आणि विहिरीच्या ओट्यावर शेंदूर फासलेला दगड बसला होता. लोक तेच पाणी पीत होते.

"तुम्ही त्या दिवशी मैयेला डिवचलंत," द्वारकाबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या. "नाहीतर उतरत आली होती."

राहेलबाईंनी बॅग उचलली. त्या उठल्या तसा बाळकृष्ण त्यांना सोडायला कोपऱ्यापर्यंत आला.

"बाई, मला त्या दिवशीच पटलं होतं. माझ्याच हातावर बघितलं ना मी."

"मग?"

"आई रडायला लागली. सगळी गल्ली बघत होती. म्हटलं, जाऊ दे, हात धुतल्यानं काय बिघडतं."

तो तिथेच उभा राहिला. राहेलबाईंना त्याच्यावर चिडायचं होतं, पण चीड आली नाही. वीस वर्षं त्या समजत होत्या की लोकांना दाखवलं की पुरतं.

"आणखी कुणाला सांगितलंत?" त्यांनी विचारलं.

त्यानं मान हलवली. नाही.

"पाणी तरी उकळून पिता?"

"आई म्हणते, तीर्थ उकळायचं नसतं."

राहेलबाईंनी बॅग या हातातून त्या हातात घेतली आणि त्या पुढच्या घराकडे निघाल्या. तिथेही एकाचे डोळे पिवळे झाले होते.

आंब्याची साल आणि चुना कुठेही मिळतो. करून बघायला फार वेळ लागत नाही, आणि प्रत्येकानं करून बघावं. पण जे दिसेल ते आईसमोर, गल्लीसमोर उभं राहून मोठ्यानं सांगावंही. मनातल्या मनात पटलेलं कुणाच्या उपयोगी पडत नाही. कुमुदिनीच्या पडलं नाही.