दहापैकी दहा

मास्तरीण नेमकं काय शिकतेय, हे घरात कुणालाही धड कळलं नव्हतं. इन्स्ट्रक्शनल डिझाइन असं भारदस्त नाव होतं. शाळेतली कायमची नोकरी सोडून तिने या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला, तेव्हा सासूबाईंनी विचारलं होतं, "म्हणजे आजवर शिकवत होतीस आणि आता शिकवायचं कसं ते शिकणार?" तिने समजावलं, की माणसाला एखादं काम करता यावं म्हणून काय, कोणत्या क्रमाने शिकवायचं ते आधी आखायचं, त्याचे धडे बांधायचे, आणि शेवटी त्याला ते खरंच जमतंय का ते तपासायचं. सासूबाई म्हणाल्या, "मग शाळेत काय करत होतीस?" 

वर्गातली बाकीची पोरं कॉम्प्युटरवाली. शाळेतून आलेली ही एकटीच, म्हणून तिथेच तिचं नाव मास्तरीण पडलं. पोरांची बोटं भराभर चालत. हिची पडद्यावरचं एक चित्र जागेवर बसवता बसवता दमछाक होई. नोकरीच्या मुलाखतींत तर सगळ्यांचं एकच पालुपद. शाळेचा अनुभव ठीक आहे हो, पण या क्षेत्रात काय केलंय ते दाखवा. दाखवायला काम हवं, आणि काम मिळायला आधी दाखवायला काहीतरी हवं. अगदी मेटाकुटीला आली होती बिचारी.

म्हणून शेवटच्या सत्राचा प्रकल्प तिने जीव ओतून केला. एका मोठ्या रुग्णालयासाठी टॅबवरचा छोटा कोर्स होता: घरच्या माणसाने रुग्णाला इन्सुलिनचं पेन कसं टोचायचं, आणि शेवटी पर्यायांतून उत्तर निवडायचे दहा प्रश्न. तो रुग्णालयाच्या प्रशिक्षणप्रमुखांसमोर मांडायचा होता, आणि त्यांना आपल्या विभागात एक माणूस घ्यायचा होता. ती जागा मिळाली नाही तर मास्तरणीची दोन वर्षं पाण्यात जाणार होती.

योगायोग असा, की त्याच सुमारास सासऱ्यांना इन्सुलिन सुरू झालं. काही दिवस घरी नर्स येई. ती बंद होणार, नवरा उजाडायच्या आत कामाला निघणार, म्हणजे टोचणार सासूबाई. कोर्स तपासायला याहून चांगलं माणूस कुठे मिळणार? मास्तरणीने टॅब त्यांच्या हातात दिला आणि आतल्या खोलीत जाऊन अहवाल लिहीत बसली. थोड्या वेळाने हाक आली. दहापैकी दहा. शेजारच्या काकांना दहा, त्यांच्या बहिणीला दहा, वर्गातल्या पोरांना दहा. तिने तो आकडा अहवालाच्या पहिल्याच पानावर ठळक टाकला. शाळेत इतकी वर्षं काढली, पण असा निकाल तिने स्वप्नातही पाहिला नव्हता.

प्रकल्प मांडायच्या दिवसापासूनच नर्स बंद झाली. सकाळी सासूबाईंनी पेन सासऱ्यांच्या पोटाला लावलं आणि बटण दाबलं. "वा," सासरे म्हणाले, "कळलंसुद्धा नाही. नर्सपेक्षा तुझा हात हलका." सासूबाई चक्क लाजल्या. निघायच्या गडबडीतली मास्तरीण कौतुकाने बघायला आली, तर सासऱ्यांचा सदरा पोटापाशी ओला.

सुईवरचं बाहेरचं टोपण काढलं होतं. आतलं बारकं टोपण तसंच होतं. सुई कातडीला लागलीच नव्हती, आणि औषध सदऱ्याने पिऊन टाकलं होतं.

"आई, आतलं टोपण काढायचं असतं. हा प्रश्न होता की परीक्षेत. तुम्ही बरोबर सोडवलात."

"सोडवला ना."

"मग?"

"अगं, प्रश्न कोण वाचतंय? दर वेळी एकच उत्तर चांगलं लांबलचक होतं, बाकीची आपली तुटकी. लांबलचक तेच बरोबर. आमच्या मास्तरांपासून हे असंच चाललंय."

मास्तरणीचा पारा चढला. बोलू नये ते बोलली. "वयाची तरी लाज बाळगा" इथपर्यंत गेली.  मग नर्सला फोन लावून, विचारून, नव्या सुईने तिने स्वतः टोचलं आणि पळाली.

बसमध्ये तिने प्रश्न उघडले. सासूबाई म्हणाल्या ते खरं होतं. बरोबर उत्तरात कुणी खोट काढू नये म्हणून तिने त्याला "मात्र" आणि "परंतु" जोडत नेलं होतं. चुकीची उत्तरं कंटाळून खरडली होती. गंमत म्हणजे दुसऱ्यांच्या प्रश्नपत्रिकांमधली हीच खोड पहिल्या सत्रात तिनेच पकडली होती आणि शाबासकी मिळवली होती. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. तिला स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटली.

सभागृहात तिची पाळी आली. तिने प्रश्न झाकून नुसती उत्तरं पडद्यावर दाखवली आणि प्रशिक्षणप्रमुखांना म्हणाली, "यातली बरोबर कोणती, ते सांगा." त्यांना हे कोडं आवडलं. सगळी बरोबर आली. तिचे सर आधी हसले, मग त्यांचं हसू मावळलं.

"म्हणजे या परीक्षेतून काहीच कळत नाही," ती म्हणाली. "अहवालातला आकडा खोटा आहे. हातात पेन देऊन तपासायला हवं. मला अजून वेळ द्या."

"पण सगळे पास होतात ना?" प्रमुख म्हणाले. "तपासणीला माणसं आली की आम्हाला तेवढंच दाखवायचं असतं. कोर्स आहे तसा द्या, आणि तुम्ही सोमवारपासून कामाला या."

हेच वाक्य ऐकायला तिने दोन वर्षं टाचा घासल्या होत्या. "हो" अगदी ओठांवर आलं होतं.

"असा नाही देणार," ती म्हणाली.

"तुमची मर्जी," म्हणून त्यांनी पुढच्याला बोलावलं. त्या पोराच्या कोर्समध्ये पेन नाचत नाचत गाणं म्हणत होतं. जागा त्याला मिळाली. बाहेर सर हळूच म्हणाले, "बरोबर केलंत. पुढच्या सत्रात पुन्हा मांडा." बरोबर केलंत म्हणायला त्यांचं काय जात होतं?

संध्याकाळच्या इंजेक्शनला सासूबाईंनी पुन्हा पेन हातात घेतलं. या वेळी मास्तरीण शेजारी बसली. बाहेरचं टोपण निघालं, आतलंही निघालं, आणि सासूबाईंचा हात थांबला.

"मला भीती वाटते गं," त्या म्हणाल्या. "सकाळी मी डोळे मिटूनच दाबलं होतं."

कोर्समध्ये पेन कसं धरायचं ते होतं, औषध कुठे ठेवायचं ते होतं. या भीतीबद्दल अवाक्षर नव्हतं. मास्तरणीने त्यांच्या मनगटाला हात दिला. सुई टोचली, सासरे कळवळले, आणि दोघींनी एकदम सुस्कारा टाकला.

"झालं. आता तू बिनघोर कामाला जा. घेतलं ना त्यांनी?"

"घेत होते. मीच नाही म्हटलं." तिने सगळं सांगितलं.

सासूबाईंनी ऐकून घेतलं. "मी असते तर हो म्हटलं असतं."

"मीही म्हणणारच होते," मास्तरीण म्हणाली आणि तिला रडू कोसळलं. प्रमुखांचा राग, सरांचा राग, सासूबाईंचा राग, आणि सगळ्यात जास्त त्या ओठांवर आलेल्या "हो"चा. सासूबाईंना समजूत घालता येत नसे. त्या वापरलेली सुई धरून समोर उभ्या राहिल्या.

"ही कुठे टाकायची, ते तरी सांग. तुझ्या कोर्समध्ये नव्हतं ते."

"होतं," ती हुंदक्यातून म्हणाली. "शेवटच्या धड्यात."

"असेल. मी कुठे वाचलं," सासूबाई म्हणाल्या, आणि ती उठेपर्यंत सुई घेऊन तशाच उभ्या राहिल्या.