पाखऱ्या आणि त्याच्या उजवीकडचा गुण्या

मित्रांनो, मी आता वय झालेला एक पटाचा बैल आहे. फुलंब्रीच्या अलीकडे, रस्त्याला लागूनच मल्हाररावांचा गोठा आहे, तिथे तुम्ही मला कधीही पाहू शकता. शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, एके काळी माझं नाव फार गाजलं. चौकाचौकात माझा फोटो लागला होता आणि त्याखाली लिहिलं होतं, 'फुलंब्रीचा वाघ पाखऱ्या'. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! खरं सांगायचं तर माझ्याइतका भित्रा बैल उभ्या तालुक्यात नसेल.

मी कशाला भीत नव्हतो ते विचारा. घरात कुकरची शिट्टी झाली की मी दावं तोडायला बघे. वाऱ्याने उडालेली पिशवी दिसली की मी चारा टाकून मागे सरके. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ना, माझे ब्रह्मराक्षस तर शिवारभर पसरलेले होते. मी अंगाने भरलो तसं मल्हाररावांनी मला पहिल्यांदा जुवाखाली घातलं, तेव्हा माझ्या उजवीकडे गुण्या होता. गुण्या गावरान बैल, रंगाने मातकट, दिसायला काही खास नाही. त्याचं निम्मं आयुष्य नांगर ओढण्यात गेलेलं. मी थरथर कापायला लागलो, तसा तो मला चिकटून उभा राहिला. त्याच्या अंगाची ऊब लागली आणि माझा जीव थोडा थाऱ्यावर आला.

पुढे आम्ही पटात उतरलो. आमच्या भागातल्या पटांना सगळी गर्दी उजव्या अंगाला असे. हलगी, भोंगे, शिट्ट्या, सगळं तिकडेच. त्या गर्दीच्या आणि माझ्या मधे गुण्या असे. झेंडा पडला की मी जीव घेऊन पळत सुटे. लोक म्हणत, काय वेग आहे! वेग कसला मित्रांनो, त्या गोंगाटातून लवकर सुटायचं, एवढंच माझ्या डोक्यात असे. भीतीने मी गर्दीपासून दूर, डावीकडे ओढ घेई, आणि गुण्या मान घट्ट धरून मला परत रेषेवर आणी. मागे छकड्यावर मल्हाररावांचा पुतण्या हनुमान उभा असे. गुण्या आहे म्हटल्यावर तोही निर्धास्त असे.

आम्ही जिंकत गेलो. गुलाल माझ्या अंगावर पडे, हार माझ्या गळ्यात पडत. फलकावरच्या फोटोत तर गुण्याचं नुसतं एक शिंग उरलं होतं.

मग गोठ्यापुढच्या लिंबाखाली रोज एकच वाद रंगू लागला. पट नक्की मारतो कोण?

शेजारचे सांडू मेंढरं राखून म्हातारे झालेले. ते म्हणत, "मल्हारराव, पाखऱ्याला एकट्याला सोडून बघा. सरळ बांधावर चढंल. ह्यो गुण्या हाये म्हनून त्याचं वारं कामाला येतंय."

"काय बोलता सांडूभाऊ!" मल्हारराव उसळत. "गुण्याच्या जागी लाकडाचा ओंडका जुंपला तरी माझा पाखऱ्या पट मारतो."

"वच्छलाबाई, तुमीच सांगा," सांडू हसून म्हणत.

"मला नका इचारू," मल्हाररावांच्या कारभारीण शेणाची पाटी उचलत म्हणत. "म्या दोघांलाबी सारखीच पेंड टाकते."

हा वाद ऐकू आला की मी गुण्याला आणखी चिकटून उभा राही. गुण्या शेजारी नसला तर मी मरेन, आणि मागे उभ्या असलेल्या हनुमानलाही मारेन, हे मला ठाऊक होतं. पण बैलाला सांगता कुठे येतं? आणि एके सकाळी मल्हाररावांनी ठरवलंच. वैजापूरकडच्या पाहुण्यांचा एक तरणाबांड खिल्लार बैल मागून आणला. गुण्याला दावणीलाच ठेवलं. गाडीत चढताना मी इतका हंबरलो की घसा बसला. गुण्याने एकदाच उत्तर दिलं.

मैदानात गेल्यावर मल्हाररावांनी आणखी एक चूक केली. फोटो काढणारे मोबाइलवाले सगळे उजवीकडे उभे होते. वाघाचा चेहरा नीट दिसावा म्हणून मल्हाररावांनी मला उजवीकडे जुंपायला सांगितलं. डाव्या जुवाचा बैल उजवीकडे घालू नये, हे त्यांनीच कितीदा दुसऱ्यांना बजावलेलं. पण सांडूंना खोटं पाडायचं भूत डोक्यात होतं.

"काका, पाखऱ्या डाव्या अंगाचा हाये. लई थरथरतोय," हनुमान म्हणाला.

"जोश हाये त्यो! तू चढ."

जोश नव्हता हो तो. माझी पाचावर धारण बसली होती. शेजारचा खिल्लारही घाबरलेला होता, त्याच्या घामाचा वास मला येत होता. दोन भित्रे एका जुवात, मग आधार कुणी कुणाला द्यायचा?

झेंडा पडला. हलगी थेट माझ्या कानात वाजली. मी आडोसा शोधायला उजवीकडे मान वळवली, तर तिथे नुसती तोंडं, हात आणि शिट्ट्या. मी डावीकडे झेपावलो. मला रोखायचं सोडून खिल्लार माझ्याही पुढे पळाला. हनुमान ओरडत होता, कासरा ओढत होता. छकडा रेषेबाहेर गेला, चाक दगडी बांधावर चढलं आणि हनुमान खाली पडला. त्याचा पाय कासऱ्यात अडकला होता. तो माझ्या मागे फरफटत येत होता, आणि त्याच्या किंकाळीलाच भिऊन मी आणखी जोरात पळत होतो.

खिल्लार अडखळून पडला म्हणून आम्ही थांबलो. पट बघायला आलेले सांडू धापा टाकत धावले, त्यांनी कासरा कापला. मल्हारराव मातीत बसून एकच म्हणत होते, "पोरा, डोळे उघड. हनुमंता, डोळे उघड."

हनुमान वाचला. शहरातल्या दवाखान्यातून तो कुबडीवर परत आला आणि आता जन्माचा लंगडतो. मल्हाररावांनी पट सोडला.

"सांडूभाऊ, माझं चुकलं. समदं गुण्याचंच व्हतं," ते म्हणाले.

"तसंबी नाय," सांडू म्हणाले. "गुण्या तरी एकटा कुटं पळनार व्हता?"

गेल्या उन्हाळ्यात गुण्या गेला. यंदा नांगराला मला गुण्याच्या जागी घेतलं आणि माझ्या डावीकडे एक नवा गोऱ्हा जुंपला. बाजूने ट्रॅक्टर धडधडत गेला आणि पोर लटलट कापायला लागलं. मित्रांनो, माझीही छाती फुटायची वेळ आली होती. पण मी जागचा हललो नाही. गोऱ्ह्याला वाटलं असेल, हा म्हातारा किती धीराचा!

आणि तेव्हा माझ्या मनात आलं, गुण्यालाही भीती वाटत असेल का? इतकी वर्षं त्याच्या शेजारी पळालो, पण मी त्याच्याकडे कधी नीट पाहिलंच नाही.

पुढे दिसतो त्याच्यासाठी टाळ्या जरूर वाजवा, मित्रांनो. पण त्याच्या शेजारी जो उभा असतो, त्याच्या पाठीवरूनही एकदा हात फिरवा. तुमच्या हाताला कळेल, तोही थरथरत असतो.