एकाने जास्त

वेंडेलने कंपायलर पुन्हा बांधायला लावला आणि खुर्ची मागे सरकवून बघत बसला. कंपनीच्या भाषेत माणसाने लिहिलेलं यंत्राच्या बोलीत उतरवणारा तो प्रोग्राम. कंपनी जन्मभर तेवढंच विकत आली होती. तिथला रिवाज असा, की नवा कंपायलर जुन्याकडूनच बांधून घ्यायचा. अगदी पहिला तेवढा मालकाने, ऑरिन टीगने, हाताने लिहिलेला.

बांधून झालं की पडद्यावर एक आकडा उमटे: कंपनीत माणसं किती. कंपायलरच्या मजकुरात ही ओळ कुठेच नव्हती. वेंडेलने बावीस वर्षांत तो चारदा चाळला होता. जुन्याच्या पोटातून ती नव्यात जात राहिली, इतकंच.

सांताक्रूझच्या डोंगरात, रेडवुडच्या उंच झाडांच्या सावलीत चारशे अकरा नोकर होते, तेव्हा आकडा चारशे बारा यायचा. लोक हसायचे. एकाने चुकणं हा प्रोग्रामरांचा घरचाच आजार. कुणी शून्यापासून मोजतो, कुणी एकापासून. पुढे मोठ्या कंपन्या आपापल्या भाषा फुकट वाटू लागल्या, ऑरिन वारला, आणि कपातीची यादी लागायच्या आदल्याच दिवशी आकडा उतरू लागला. मग कुणी हसेना.

आता उरले होते वेंडेल आणि लुअ‍ॅन. दुपारी कंपनी विकत घेणाऱ्यांचा माणूस यायचा होता. त्याने घेतली तर भाषा जगणार, आणि तिच्या आधाराने ही दोघंही. गेल्या आठवड्यात आकडा तीन होता.

आज आला एक.

वेंडेल पडद्यासमोर आडवा येऊन उभा राहिला.

"झाकतोस काय, म्हाताऱ्या," लुअ‍ॅन म्हणाली. "मी सकाळीच बघितलाय."

"एकाला ठेवतील म्हणजे. तू राहा. माझे डोळे तसेही जात चाललेत."

"तो एकाने जास्त दाखवतो. नेहमीच."

एवढीशी वजाबाकी करायला वेंडेलला बराच वेळ लागला.

"मग हा एक कोण?"

"नोकरांच्या यादीत ऑरिनचं नाव कधी होतं का रे?"

पावणेतीनला फोन आला. माणूस येणार नव्हता. त्याच्या साहेबांचा विचार बदलला होता. दोघांनी कोट चढवले. दारातून लुअ‍ॅन परत फिरली आणि पहिल्या आवृत्तीपासूनची सगळी भाषा तिने यंत्राला नव्याने बांधायला लावली. आठवडाभर पुरेल इतकं काम.

"रिकामा बसला की फार चिडायचा ऑरिन," ती म्हणाली.

दोघं जिना उतरत असताना वर यंत्राचा पंखा फिरू लागला.