थोरल्याविरुद्ध नऊ पानं

बोलतोय तो मी, नऊ पानांचा एक शोधनिबंध. आनुवंशिकी शिकवणाऱ्या बाईंनी मला लिहिलं. त्यांच्या निबंधांच्या यादीत प्रत्येकाच्या नावापुढे एक आकडा असतो: इतर संशोधकांनी आपल्या लेखनात त्याचा किती वेळा दाखला दिला, तो. माझ्या थोरल्या भावाचा, म्हणजे बाईंच्याच आधीच्या निबंधाचा, आकडा हजारांत आहे. माझ्यापुढे कित्येक वर्षं भोपळा होता.

थोरला चुकीचा आहे. मी जन्मलो तोच हे सांगायला.

त्याचं म्हणणं असं: एका जनुकातलं एक अक्षर बदललेलं असलं, तर हृदय कमजोर होतं, धावता धावता बंद पडू शकतं. बाईंनी लबाडी केली नव्हती. त्या काळी तपासायला माणसंच थोडी मिळाली, तीही सगळी आजारी. पण निबंध गाजला. बाईंना मान मिळाला, विभागाला यंत्रं मिळाली, आणि इस्पितळांच्या अहवालांत ते अक्षर 'धोकादायक' म्हणून जाऊन बसलं ते बसलंच.

मग एक दिवस बाईंच्या खोलीत एक मुलगी आली. लांब पल्ल्याची धावपटू. मैदानावर एकदा चक्कर आली, रक्त तपासलं, ते अक्षर सापडलं आणि डॉक्टरांनी धावणं बंद केलं. सोबत तिची आत्या होती. आत्याच्या रक्तातही तेच निघालेलं.

"माझ्यातही तोच बिघाड म्हणता," आत्या म्हणाली. "मग साठी उलटली तरी चार मजले सामान चढवते, ते काय शेजारणीच्या हृदयाने?"

"आत्या, जरा हळू," मुलगी पुटपुटली.

"हळू काय? बाईंनीच लिहिलंय ना ते? मग बाईंनाच विचारणार!"

बाई हसल्या नाहीत. त्या कामाला लागल्या. ठणठणीत म्हाताऱ्या माणसांचं रक्त गोळा केलं, आत्याचंही. ते अक्षर जागोजागी सापडलं. हृदयं मात्र धडधाकट. त्यातून मी झालो.

विभागप्रमुख हादरले. "बाई, स्वतःच्या हाताने पायावर धोंडा का पाडून घेताय? त्या एका निबंधावर आपला सगळा विभाग उभा आहे."

"विभाग उभा आहे, सर. ती पोरगी बसून आहे."

थोरल्याला डोक्यावर घेणाऱ्या मोठ्या नियतकालिकाने मला परत पाठवलं. यात नवीन काही नाही म्हणे! धोका आहे, ही बातमी. धोका नाही, ही बातमी नव्हे. शेवटी एका लहानशा नियतकालिकाने मला पदरात घेतलं. मी छापला गेलो आणि वाट बघत बसलो.

वाट बघणं म्हणजे काय, ते मला विचारा. शोधणाऱ्याच्या पडद्यावर मोठ्या आकड्याचे वर, शून्याचे तळाशी. तिथवर कोण येतं? कुणाचं बोट माझ्या शीर्षकापाशी थबकलं, की मी नऊही पानं सावरून बसायचो. बोट पुढे निघून जायचं. मुलगी मैदानाच्या कडेला उभी राहून इतरांच्या वेळा टिपायची आणि अधूनमधून बाईंना फोन करायची: "बाई, वाचला का हो कुणी?"

यंदा भोपळा फुटला. विभागप्रमुख लगबगीने आले. "अभिनंदन बाई! तुमच्या त्या निबंधाचंही खातं उघडलं!"

बाईंनी तो नवा लेख काढला. त्यात वाक्य होतं: हे अक्षर धोकादायक असल्याचं सिद्ध झालं आहे. आणि दाखल्याला दोघांची नावं. थोरल्याचं, आणि माझं!

त्या लेखकाने मला उघडलंच नव्हतं. विषय तोच, बाई त्याच, मग म्हणणंही तेच असणार! या मंडळींची ही जुनी खोड. नाव वाचायचं, आपल्या लेखाखाली चिकटवायचं, आणि वर विद्वान म्हणून मिरवायचं. थोरल्याला खोटं पाडायला आलेला साक्षीदार मी; मला त्याच्याच बाजूने उभं केलं, तेही तोंड दाबून. बाईंनी संपादकांना दुरुस्ती कळवली आहे. उत्तर यायचंय.

आता या क्षणी मी इस्पितळातल्या एका डॉक्टरांच्या पडद्यावर आहे, त्याच चुकीच्या लेखाखालच्या दाखल्यांत. समोर तीच मुलगी, शेजारी आत्या. स्पर्धेत उतरायचं तर यांची सही हवी, आणि धावण्याचं वय कुणासाठी थांबत नाही.

"हे बघ," डॉक्टर समजावतायत, "बाईंचा नवा निबंधही धोकाच सांगतो. या लेखात दिलंय."

"नाही सांगत, डॉक्टर. उघडून बघा ना."

"बाहेर रांग लागलीय गं."

आत्याने मांडीवरची पिशवी जमिनीवर ठेवली आणि खुर्ची पुढे ओढली. "लागू दे. तुम्ही वाचा. आम्ही बसतो."

डॉक्टर, मी तुमच्या बोटाखाली आहे. मला मोजू नका. माझं नाव कुठे चिकटवू नका. एकदा उघडा आणि चौथ्या पानावर या. तिथल्या आलेखात ते अक्षर असलेल्या निरोगी माणसांचे ठिपके आहेत; हृदय जितकं दणकट, तितका ठिपका उजवीकडे. त्यातला अगदी उजवीकडचा ठिपका तुमच्यासमोर बसलाय, पाय रोवून.