बांधावरचा पदू

करावे गावच्या धर्मराजला सिनेमातली राणी पहिल्याच वाक्याला परकी वाटली. ती हिंदी बोलत होती, बँकेतल्या मोठ्या मॅडमसारखी, तोलून-मापून. त्याची राणी अशी नव्हतीच. त्याची राणी आगरीत बोलायची. घोड्यावरून उतरताना "आये गो, पाय धरला" म्हणायची, आणि शिपायांना जेवल्याशिवाय लढाईला सोडायची नाही.

ती तशी बोलायची, कारण ते पुस्तक त्याला रंजिताने सांगितलं होतं. रंजिता त्याची एकुलती एक लेक. पुस्तक इंग्रजी, उशीएवढं जाड, आणि धर्मराजचं शिक्षण मराठी सातवी. त्याची बायको गोजरा गेली त्या साली त्याने बोलणंच टाकलं होतं. ताटाला हात लावेना, दाराला कडी लावेना. तेव्हा लेक रोज दिवेलागणीला त्याच्यापुढे पुस्तक उघडून बसायची. डोळ्यांनी इंग्रजी वाचायची आणि तोंडाने आगरीत सांगायची. बुडत चाललेलं राज्य, समुद्र चढवणारी चेटकीण, पाखरांवर बसून लढणारे वीर. ऐकता ऐकता दीड वर्ष सरलं.

त्या सगळ्यांत धर्मराजचा जीव जडला पदूवर. राज्याच्या कडेला मिठागर, मिठागराला मातीचा बांध, बांधावर म्हातारा पदू. "त्याचा तिकडचा नाव लय लांबलचक हाय, आबा. आपन पदूच म्हनू," रंजिता म्हणाली होती. चेटकिणीने उधाण सोडलं की वीर आभाळात लढायचे, आणि खाली हा एकटा, फावडं घेऊन बांधाला पडलेली खांड बुजवायचा.

"नुसता चिखल टाकून खांड बुजते काय?" धर्मराज एकदा वैतागला होता. त्याची अर्धी जिंदगी मिठागरात गेलेली. "पैला पेंढा टाकाचा, वर चिखल. नाय त पानी सगला घेऊन जातं."

दुसऱ्या दिवशी पदूने आधी पेंढा टाकला.

"बघ. या लिवनाऱ्याच्या घरचा कोनीतरी मिठावर असल," धर्मराज म्हणाला, आणि त्या दिवशी तो दोन भाकऱ्या जेवला.

मग रंजिताला डब्लिनला नोकरी लागली. निघायच्या आदल्या दिवशी गोष्ट नेमकी अशा जागी आली, की राणी सगळ्या गावाला घेऊन डोंगराकडे निघून गेली, मागे बांध मोठा फुटला, आणि पेंढाही संपला तेव्हा पदू स्वतःच खांडीत उभा राहिला. छातीएवढ्या पाण्यात. रंजिताने पुस्तक मिटलं. "पुढचा फोनवर वाचीन, आबा."

फोन आले. आठवड्याला, मग पंधरवड्याला. जेवलास का, गोळी घेतलीस का, वरचे भाडेकरू बरे हायत ना. धर्मराजने गोष्टीचं नाव काढलं की तिला काहीतरी काम आठवायचं. दमते पोर, असं स्वतःशी म्हणून त्याने विचारणं सोडलं. पण दोन वर्षं झाली, त्याचा पदू पाण्यातच उभा होता.

म्हणून तर त्या पुस्तकावरचा सिनेमा लागल्यावर तो सोमवारी सकाळच्या खेळाला सीवूड्सच्या मॉलमध्ये जाऊन बसला. राणीशी त्याला देणंघेणं नव्हतं. पदू बाहेर आला की नाही, एवढंच बघायचं होतं.

पाखरं उडाली, किल्ले पडले. समुद्र चढला की धर्मराज खुर्चीतून पुढे सरकायचा, चष्मा सारखा करायचा. समुद्र तीनदा चढला, तीनदा उतरला. मिठागर काही आलं नाही. चेटकीण मेली, राणीचं लग्न झालं आणि दिवे लागले.

पुढच्या रांगेत एक कॉलेजची मुलगी पर्स शोधत होती. तिला त्याने विचारलं, "त्यो बांधावरचा म्हातारा कापला काय यांनी?"

"कोण म्हातारा, काका?"

"पुस्तकात हाय."

"मी दोनदा वाचलंय. नाही ना तसं कोणी."

"मंग अजून येकदा वाच," धर्मराज म्हणाला.

संध्याकाळी पाचला, म्हणजे तिच्या जेवणाच्या सुट्टीत, रंजिताचा फोन आला. तिने सिनेमा शनिवारीच पाहिला होता, आणि आबा आज जाणार हे तिला ठाऊक होतं. "बोल आबा, कसा वाटला?"

"पुस्तकाची सर नाय. राणीची पार मॅडम करून टाकली."

ती हसली. डब्यात चमचा वाजला.

"आनी पदूला कापून टाकला मेल्यांनी. असूदे, सिनेमावाल्यांचा काय. तू पुस्तकातला सांग, बाय. त्यो भायेर आला का?"

चमचा थांबला.

"आबा, पदू पुस्तकात पन नाय."

"म्हंजे?"

"मीच घातला त्याला. आजी धवल्यात घालायची ना, तसा."

धर्मराजची आई सखू धवलारीण होती. लग्नाचे धवले गाताना ती देवांच्या वऱ्हाडात त्या त्या घरची माणसं नावानिशी बसवायची. शंकराच्या हळदीला अमक्याची काकी, पार्वतीची वेणी घालायला तमक्याची सून. हे कुठल्या पोथीत आहे, असं तिला कधी कोणी विचारलं नव्हतं.

"तू बोलत नव्हतास," रंजिता म्हणाली. "मिठागराचा विषय निघाला की तेवढा बोलायचास. म्हनून रोज थोडा थोडा पदू."

धर्मराजला ती कॉलेजची मुलगी आठवली. उगाच टोचलं आपण तिला.

"मंग त्याचा पुढं काय झाला?"

"तेच त मला जमेना. सगला गाव गेला, आनी ह्यो येकटा पान्यात. इथं येऊन पुस्तक उघडलं की वाटायचं, मीच ठेवून आले त्याला तिथं. म्हनून टाळत राहिले. तू विचारलंस की..."

"येडी," धर्मराज म्हणाला. "पानी काय कायमचा चढलेला ऱ्हातं? सा तासांनी ओहोटी लागतेच. चेटकिनीचा समुद्र झाला म्हनून काय झाला?"

"मग?"

"मंग पानी कमरंला आला, मंग गुडघ्याला. त्यो भायेर आला, फावडा धुतला नि घरी गेला."

"घरी कोन होता?"

धर्मराजने समोर पाहिलं. वरच्या मजल्यावर भाडेकरणीचा मिक्सर चालू होता.

"गाव परत आला ना डोंगरावरशी. चूल पेटलेली, निवट्यांचा कालवन रटरटत होता."

"त्याची पोर पन आली?"

"ती त सगल्यांच्या पुढं."

रंजिताने नाक ओढलं, मग हसली. "बरं झालं. आबा, सुट्टी संपली माझी. रविवारी करते."

"कर."

फोन ठेवून तो तसाच बसून राहिला. पाणी उतरलं होतं, ते खरंच. फावडंही धुऊन झालं होतं. पण गाव अजून डोंगरापलीकडेच होतं, आणि कधी परतेल त्याचा सांगावा आलेला नव्हता. तेवढं त्याने लेकीला सांगितलं नव्हतं. तो उठला, आणि एका माणसापुरता भात लावला.