मी, म्हणजे आमच्या देशाची सरासरी

आमच्या देशाचं सरासरी शिक्षण म्हणजे मी. फुशारकी मारत नाहीये, खरंच! आई शिक्षण-अंदाज कार्यालयात रेघा काढते. शतक संपेपर्यंत लोक किती वर्षं शिकतील, त्याची एक रेघ आमच्या देशाची, निळी, आणि एक शेजारच्या देशाची, लाल. पूर्वी म्हणे त्यासाठी हजारो घरांत जाऊन चौकशी करायचे. मग काटकसर सुरू झाली आणि होता होता एकच घर उरलं. तेही आमचं, कारण आईला जायला-यायला सोपं पडतं. आमचं बघून शेजाऱ्यांनीही तेच केलं. त्यांच्याकडेही एकच मुलगी आहे, माझ्याएवढी.

आता मला शिकायचंय लिफ्ट दुरुस्त करायला. लिफ्टच्या डोक्यावर उभं राहून जाड तारांना वंगण लावणारी एक बाई मी पाहिली आणि माझं ठरलंच. दहावी झाली, शाळा बास! प्रशिक्षण केंद्रात आज पाचच्या आत आई किंवा बाबांनी स्वतः येऊन माझं नाव घालायचं होतं. बाबा चष्मे विकायला परगावी गेलेले. उरली आई. आणि आईचं एकच पालुपद, "अगं, तू दहावीला थांबलीस तर अख्खा देश थांबेल गं!"

तीन वाजता तिचे साहेब घरी आले. शतकाच्या शेवटाशिवाय ते दुसरं काही बोलतच नाहीत, म्हणून मी त्यांना शतकराव म्हणते. मनात, अर्थात. त्यांनी काखेतली गुंडाळी सोडली. आलेख स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी सुरू झाला, हॉलमधून दाराबाहेर गेला आणि समोरच्या काकूंच्या पायपुसण्यावर जाऊन संपला.

"हे बघ बाळ," शतकराव रांगत रांगत म्हणाले, "तू आत्ता इथं, गॅसपाशी. फ्रिजपाशी पदवी. टीव्हीपाशी डॉक्टरेट. चपलांच्या स्टँडपाशी तुझी एकतीस पूर्ण."

"वयाची?"

"शिक्षणाची! आणि त्या पायपुसण्यावर एकोणचाळीस. लाल रेघेच्या अर्धं वर्ष पुढे!" त्यांचे डोळे भरून आले.

"तेव्हा मी नव्वदीची असेन हो!"

"मग काय झालं? वर्गात बसायचंच तर आहे."

तेवढ्यात काकूंनी दार उघडलं. "अहो, हे काय पसरलंय माझ्या दारात?"

"शतकाचा शेवट," शतकराव म्हणाले.

"मग उचला तो. मला केर काढायचाय."

मी आईकडे वळले. "पण एकोणचाळीस आले कुठून? मी तर कुणाला काही बोलले नव्हते."

आई नखं कुरतडायला लागली. "दर सोमवारी लाल रेघेचा आकडा घेऊन आम्ही त्यात अर्धं वर्ष घालतो."

"आणि ते?"

"दर गुरुवारी आपल्या आकड्यात अर्धं घालतात."

"उन्हाळ्यात किती होते?"

"सोळा," आई पुटपुटली.

"मॅडम! घरातल्या माणसांना आकडे सांगायचे नसतात!" शतकराव ओरडले. "आणि आपण थांबलो तर ते अर्ध्याने पुढे जातील!"

"अर्ध्यानेच ना?" मी म्हणाले. घड्याळात सव्वाचार वाजले होते. "आई, पुढच्या वर्षी मी प्रशिक्षण केंद्राच्या वयोमर्यादेत बसणार नाही गं. आज नाही तर कधीच नाही."

आईने माझ्याकडे पाहिलं, मग रेघेकडे. कार्यालयात असो की घरात, आलेख अंथरला की आई भिंतीला चिकटून खेकड्यासारखी चालते. आज ती मधोमध निघाली. पदवीवर एक टाच, डॉक्टरेटवर दुसरी.

"मॅडम, निदान कडेने चाला!"

आई माझ्या एकतिसाव्या वर्षावर उभी राहिली, स्टँडवरून चपला काढून पायात सरकवल्या आणि म्हणाली, "चल गं, पाच वाजतील."

आम्ही धावत गेलो. पाचाला पाच कमी असताना माझं नाव लागलं!

लिफ्टची दोन वर्षं धरून निळी रेघ बारावर आली आणि तिथेच आडवी झोपली. शतकरावांना अन्न गोड लागेना. गुरुवारी शेजाऱ्यांचा आकडा आला, साडेबारा. त्यांनी नेमाने आपलं अर्धं घातलं होतं. "फरक फक्त अर्ध्याचा!" शतकरावांनी सगळ्या कार्यालयाला चहा पाजला. "मला वाटलं होतं, आपण कायमचे मागे पडलो!"

सोमवारी आईने त्यात काही घातलं नाही.

मंगळवारी कार्यालयाचा फोन वाजला. पलीकडे शेजारच्या देशाची ती मुलगी होती. आमचा आकडा वाढला नाही म्हटल्यावर तिला घरच्यांनी अचानक विचारलं होतं, बारावीनंतर तुला काय करायचंय, आणि बिचारीला उत्तरच येईना. असं काही विचारतात हेच तिला माहीत नव्हतं. "तुमच्या मुलीने लिफ्ट घेतली ना? अजून काय काय असतं हो?"

मी आईचा डबा पोचवायला गेले होते. आईने रिसीव्हर माझ्या हातात दिला.

"हॅलो," मी म्हणाले, "कागद-पेन घे आणि नीट बस. खूप आहे!"