अर्ध्या दाढीची पलटण

मी वस्तरा बोलतोय. मी गळ्यापाशी आलो की भलेभले गप्प बसतात. तुम्हीही तसेच बसा, मध्येच तोंड हलवू नका.

मला लोहारानं ठोकून ठोकून घडवलं. स्वभाव माझा तिथंच बिघडला. पुढं एका न्हाव्याच्या हाती पडलो. गडी हाताचा हलका, तोंडाचा गोड. पोटासाठी तो परमुलखात आला, तर तिथल्या दुकानदारानं त्याच्या हातात झाडू दिला! मी बसलो पेटीत गंजत.

मग लढाई लागली. दोन वर्षं फौजेत काढणाऱ्या परक्याला बायकोपोरं आणायचा परवाना मिळेल, असं जाहीर झालं. याची बायको आणि चार वर्षांची पोर तिकडे, हा इकडे. लगेच नाव घालून मोकळा!

पण फौजेत कोणी दाढीला बसेना. "परक्याच्या हातात वस्तरा, आणि मी मान पुढं करू? वेड लागलंय मला?"

शेवटी जाडा आचारी धपकन बसला. "काप बाबा गळा. या लोकांची रोजची कुरकुर ऐकण्यापेक्षा बरं."

गळा शाबूत राहिला, गाल लोण्यासारखा झाला. दुसऱ्या दिवसापासून रांग!

न्हाव्याची एक खोड होती. तुकडी चढाईवर निघाली की प्रत्येकाची अर्धीच दाढी करायचा. डावा गाल साफ, उजवा तसाच. "उरलेली आल्यावर. यायचंच." स्वतःचीही अर्धीच. साहेब डाफरायचे, "पलटण आहे की सर्कस?" पण अकरा वेळा गेले ते अकराही वेळा सगळे परतले, कुणी लंगडत, कुणी शिव्या देत. मग साहेबही गुपचूप डावा गाल पुढं करू लागले.

बाराव्या वेळी आमचा न्हावी एका जखमीला पाठीवर आणताना पडला. जखमी वाचला. हा नाही.

त्याचा उरलेला गाल आचाऱ्यानं केला. हात त्याचा पळीचा, वस्तऱ्याचा नव्हे, पण मी कुठं लागलो नाही. एवढा सांभाळून मी जन्मात चाललो नव्हतो.

कचेरीतला कारकून म्हणाला, "दोन वर्षांना बावीस दिवस कमी पडतात. कुटुंबाला परवाना नाही."

"अरे, मेला ना तो!" आचारी ओरडला.

"मेला खरा. पण लवकर मेला."

त्या दिवसापासून अख्खी पलटण रोज डावाच गाल करू लागली. उजव्यावर रान माजलं. परवाना येईतो ते कापायचं नाही, असं ठरलं. दीड महिन्यानं मोठे साहेब पाहणीला आले आणि रांगेपुढं थबकले. "हे काय ध्यान?"

आमचे साहेब पुढं झाले. त्यांच्याही उजव्या गालावर झुडूप. "आमचा न्हावी बावीस दिवसांनी कमी पडला, साहेब."

सगळी हकीकत ऐकून मोठ्या साहेबांनी उभ्याउभ्याच परवान्यावर सही केली.

बोट लागली तेव्हा धक्क्यावर चाळीस अर्ध्या दाढ्या उभ्या. पोर घाबरून आईमागं दडली. आचारी पाठ केलेलं सगळं विसरला. त्यानं मला नुसतं पुढं केलं. बाईनं मला उघडलं, अंगठ्यावर धार पाहिली. न्हाव्याची बायको ती, माझी चाल तिला ठाऊक.

"बसा," ती म्हणाली. "एकेक जण."

डोळे पुसत पुसत चाळीस गाल केले तिनं. ओरखडा नाही कुणाला.

आता माझं पातं झिजून काडीएवढं झालंय. बाईनं इथंच थाटलेल्या दुकानात आरशाखाली पडून असतो. ती पोर आता दुकान सांभाळते, विजेची यंत्रं फिरवते. फिरवू दे. फक्त पेन्सिलीला टोक काढायला मला घेऊ नको म्हणावं. मी माणसांचे गाल केलेत.